ढोलवालीचं कार्ड

मोशीच्या शालनबाईंची जमीन इमारतींखाली गेली, गोठा रिकामा झाला आणि साठीच्या त्या बाईला दिवस खायला उठू लागला. जन्मभर त्या भजनी मंडळात पखवाजाशेजारी टाळ धरून बसलेल्या. त्यामुळे सून विजयश्रीच्या फोनवर कोरियातल्या पाच पोरींचा बँड दिसला, तेव्हा त्यांची नजर ड्रम वाजवणारीवरच खिळली.

"ही ढोलवाली ठेका सोडत न्हाई बघ," त्या म्हणाल्या.

बँडच्या सीडीत एकीच्या फोटोचं कार्ड निघतं, पण कुणाचं ते फोडल्याशिवाय कळत नाही, असं विजयश्रीने सांगितलं आणि शालनबाईंना छंद जडला. जमवायची ती फक्त ढोलवालीची कार्डं. मुलगा कुलदीप म्हणायचा, "साठी बुद्धी नाठी." त्या ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

रविवारी दुपारी तळवड्यातल्या एका कॅफेत कार्डांची अदलाबदल करणाऱ्या मुली जमायच्या. शालनबाई बसने जायच्या. कुणी प्रेमाने "आजी" म्हणायचं, कुणी लांबूनच हसायचं.

त्या रविवारी तनुजा नावाची मुलगी एकदम किंचाळली, "माझं कार्ड गेलं!"

कार्ड ढोलवालीचंच होतं, एका कार्यक्रमापुरतं छापलेलं, सहसा हाती न लागणारं. तनुजाचा अल्बम सगळ्यांच्या हातांतून फिरला होता, आणि सर्वांत जास्त वेळ शालनबाईंच्या हातात होता. एकेक नजर त्यांच्याकडे वळली.

अगदी तसंच दुसरं कार्ड त्यांच्या पिशवीत होतं. याच गटातल्या चिंचवडच्या वर्षालीशी अदलाबदल करून मिळवलेलं, आज मुलींना दाखवायला म्हणून आणलेलं. आता लपवलं तर चोर आणि दाखवलं तरी चोर.

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. "माझ्याकडं बी तसंच हाय. पण ते माझं हाय. वर्षालीनं दिलंय."

तनुजाने हात पुढे केला. "आजी, परत द्या ना. आम्ही कुणाला सांगणार नाही."

"वर्षालीला इचारा."

तनुजाची मैत्रीण दिव्या हिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. वर्षाली चाकणला ओव्हरटाइमवर होती. कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावे लागत. दिव्याने पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"देऊन टाका आजी, विषय संपवा," कुणीतरी म्हणालं.

शालनबाईंनाही क्षणभर वाटलं, द्यावं आणि उठावं. कुलदीपच्या कानावर गेलं तर? पण दिलं म्हणजे चोरी कबूल केली.

"न्हाई द्यायची. अन् हितनं हलायची बी न्हाई. तुझा अल्बम माझ्यासमोर उघड. एकूण एक कप्पा बघ."

"मी बघितलाय!"

"मग परत बघ."

तनुजा जागची हलली नाही. शेवटी दिव्याने अल्बम ओढला आणि एकेक कार्ड बाहेर काढू लागली. अर्धा अल्बम झाला, काही नाही. शालनबाईंच्या मनात आलं, खरंच कुणी चोरलं असेल तर? चोर इथंच बसलेला असायचा आणि नाव आपलं व्हायचं.

एक कार्ड नीट निघेना. दिव्याने नखाने ओढलं, तर एकाऐवजी दोन आली. मागे चिकटून ढोलवाली होती.

तनुजाला रडूच फुटलं. "सॉरी आजी, मी उगाच..."

तो कप्पा पाहताच शालनबाईंना आठवलं होतं. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं.

"मीच बघून ठेवताना चुकीच्या कप्प्यात सरकवलं," त्या म्हणाल्या. "चूक माझी हाय. चोरी न्हाई."

त्या पिशवी घेऊन उठल्या.

आठवडाभर शालनबाई घरात कार्डांबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत. रविवारी मात्र जेवण लवकर उरकून बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिल्या. कॅफेत तनुजाने त्यांच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली. शालनबाई समोर, जरा अंतर राखून बसल्या. तिने अल्बम पुढे केला, तेव्हा त्यांनी हात लावला नाही.

"तूच पान उलट," त्या म्हणाल्या. "मी बघते."