चिमटीभर जवळा

मी उरणकडच्या बंदरात क्रेन चालवत होतो, तेव्हा माझ्या पकडीची ख्याती थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत होती. कंटेनर असा उचलायचो की आत झोपलेल्या उंदरानं कूसही बदलू नये. एकदा तर मी क्रेनच्या आकड्यानं एका कप्तानाची टोपी वरच्या वर काढली, त्याला घाम पुसू दिला आणि परत डोक्यावर ठेवली. बायको म्हणते, टोपी नव्हतीच, पंचा होता. असेल.

अशा माणसाचा नातू अकरा महिन्यांचा झाला आणि त्याला एक चुरमुरा उचलता येईना.

उचलायचा तो, नाही असं नाही, पण जेसीबीसारखा. पाची बोटं उघडायची, पंजा मारायचा, मूठ भरायची आणि निम्मं वाटेत सांडायचं. पनवेलात आमच्या खिडकीसमोर दिवसभर जेसीबीच चालतात. पोरगं बघेल तेच शिकणार.

आमची काहीच तक्रार नव्हती. पण एके दिवशी लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी, शिवाय घरी तान्ह्या मुलांचे बुद्धिविकास वर्ग चालवतात. सहा महिन्यांच्या आतलं मूल त्या घेत नाहीत. पोटातल्यांसाठी मात्र शनिवारी वेगळी बॅच असते.

"अजून पिन्सर ग्रास्प नाही?" त्या माझ्या सुनेला म्हणाल्या. "अंगठा आणि पहिलं बोट, अशी चिमटी? आमची तर नवव्या महिन्यात साबुदाणे वेचायची. ब्रेनचं वायरिंग असतं हो ते. लक्ष ठेवा हं."

लिफ्ट तळमजल्याला पोचेपर्यंत माझी सून पांढरीफटक पडली होती. मुलांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "येईल की, अजून वेळ आहे. तुम्ही घरी जाऊन झोपा." पण ज्या माणसानं घाबरवलंही नाही आणि औषधही दिलं नाही, त्याच्यावर कोण विश्वास ठेवतो? सुनेची झोप उडाली. रात्री ती पोराची झोपलेली बोटं उलगडून बघत बसे, जणू वायर कुठे तुटली ते दिसणार होतं.

मग मी कोच झालो. ताटात मनुके मांडले. माझा हात क्रेन करून वरून खाली आणला, तोंडानं भोंगासुद्धा वाजवला. नातवानं सगळं नीट पाहिलं आणि ताटच उचललं.

"अवो, पोराला शिकवताव का जहाज रिकामं करताव?" बायको म्हणाली. ती खाडीकाठच्या कोळ्यांची लेक. इतकी वर्षं माझ्याबरोबर काढून तिची बोली आहे तशीच आहे, गमावला तो फक्त माझ्यावरचा विश्वास.

तेवढ्यात संक्रांत झाली आणि नातवाचं बोरन्हाण ठरलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुलाच्या डोक्यावरून बोरं नि खाऊ ओतायचा, आणि जमलेल्या पोरांनी तो वेचायचा. म्हणजे चिमटीची जाहीर परीक्षाच, आणि सातव्या मजल्यावरच्या बाई आपल्या वर्षाच्या लेकीला घेऊन येणार होत्या. सुनेनं बोरं घशात अडकतील म्हणून काढून टाकली. ऊस गेला, शेंगदाणे गेले. बिनबोरांच्या बोरन्हाणात उरले चुरमुरे आणि कसलेसे सेंद्रिय मखाणे.

पाटावर नातू बसला. वरून चुरमुऱ्यांचा पाऊस पडला. त्यानं पंजा मारला. मूठ भरली. ती शेजारच्या पोराच्या डोक्यावर रिकामी केली. पुन्हा पंजा.

"हं," बाई म्हणाल्या. एवढंच. पण त्या 'हं'मध्ये सगळ्या मेंदूचा निकाल होता. त्यांची लेक एकेक चुरमुरा चिमटीत धरून वाटीत टाकत होती, सोनाराच्या मुलीसारखी. सुनेचे डोळे भरून आले. ती नातवाच्या कानाशी म्हणाली, "एकच उचल रे राजा. आईसाठी."

ते ऐकून मला राहवलं नाही. माझ्या खिशात एक डबी असते. वरून बडीशेपेची, आत भाजलेला जवळा. सुकवलेली, नखाएवढी कोळंबी. बाईंनी सुक्या मासळीच्या वासाविरुद्ध नोटीस लावल्यापासून मी तो लपवूनच खातो. बाई स्वतः हॉटेलात सुरमई खातात, पण एसीतल्या माशाला वास नसतो.

"आजोबांचा आशीर्वाद," असं म्हणून मी डबी नातवाच्या डोक्यावरून उपडी केली.

नातवाचं नाक हललं. मूठ उघडली. चुरमुरे गळून पडले. मग त्यानं तर्जनी पुढे काढली, खालून अंगठा आणला, आणि पांढऱ्या ढिगाऱ्यातून एक जवळा, फक्त एक, असा अलगद उचलला की माझ्या डोळ्यांपुढे कप्तानाची टोपी तरळली. तो तोंडात गेला. मग दुसरा. चुरमुऱ्यासाठी कोण बोटं झिजवणार? माल तोलामोलाचा लागतो.

"पिन्सर!" सून किंचाळली. "बाबा, पिन्सर!"

तोवर बाईंची लेक रांगत पोचली होती. तिनं एक जवळा चाखला, वाटी भिरकावली आणि दोन्ही मुठींनी तोंडात भरायला लागली. आता जेसीबी तिच्याकडे होता.

"काय खातेय ती?" बाईंनी विचारलं.

"बडीशेप हाय," बायको म्हणाली. "आमच्याकडची. जरा लांबट असते."

सुनेनं पोराला उचलून त्याची बोटं ओठांना लावली. थबकली. हुंगली. माझ्याकडे पाहिलं. मी छताचा पंखा तपासत होतो. पाहुणे गेल्यावर तिनं हात पुढे केला, "बाबा, ती डबी." दिली. तिनं तळाशी उरलेला एक जवळा चिमटीत धरून तोंडात टाकला, आणि पोराला कुशीत घेऊन जी आडवी झाली ती दिवेलागणीपर्यंत हललीच नाही.

संध्याकाळी बाईंचा मला मेसेज आला: लेक चुरमुरे फेकून देते आहे, ती बडीशेप कुठल्या दुकानात मिळते?

मी बायकोला वाचून दाखवला. ती तव्यावर जवळा परतत होती. खिडकी सताड उघडी.

"दुकान कशाला," ती म्हणाली. "सांगा, वासाच्या मागं मागं या."