बेगमपेठ ते औरंगाबाद

माझ्या धाकट्या काकांइतका मन लावून घाबरणारा माणूस निजामाच्या उभ्या मुलखात झाला नसेल. हैदराबादला जामबागेतल्या मराठी शाळेत ते भूगोल शिकवत, पण त्यांची स्वतःची पृथ्वी नल्लकुंट्याच्या घरापासून शाळेच्या फाटकापर्यंतच होती. रिक्षा हलायच्या आधीच ते रिक्षावाल्याला विनवत, "मियाँ, जरा आहिस्ता." लहानपणी मुसी नदीचा पूर पाहिलेला, त्यामुळे भर उन्हाळ्यात कोरड्या नदीवरून अफझलगंजकडे जातानासुद्धा ते चपला काढून हातात घेत. न जाणो, पोहायची वेळ आली तर! ढग गडगडला की लोखंडावर वीज पडेल म्हणून घरातली कात्री, विळी, अडकित्ता सगळं कपाटात जाई आणि काका पलंगावर पाय वर घेऊन बसत.

मग भाषावार राज्यं झाली. हैदराबादचे तीन तुकडे पडले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि सरकारी कारकुनांच्या वाटणीत काकांचे जावई औरंगाबादच्या वाट्याला आले. त्यांच्याबरोबर कुसुमही गेली. काकू लवकर वारल्या होत्या. या एकुलत्या मुलीला काकांनीच वेणीफणी करून वाढवलं होतं. आता ते वर्गातल्या नकाशावर दोरा धरून औरंगाबादचं अंतर मोजत उभे राहत. आगगाडीला रात्र आणि वर अर्धा दिवस लागतो, एवढ्या वेळात काय वाटेल ते होऊ शकतं, असं त्यांचं म्हणणं. शेजारचे एक गृहस्थ बेगमपेठच्या विमानतळावर नोकरीला होते. त्यांना ते जिन्यात गाठून विमानाचं विचारत. अडीचशे मैलांच्या वर अंतर, हवा बरी असली तर दोन तासांच्या आत पोचतं, असं ते बिचारे दर वेळी सांगत.

"आणि हवा बरी नसली तर?" काका विचारत.

कुसुमला दिवस गेले आणि आठव्या महिन्यातच शाळेत जावयांचा ट्रंककॉल आला. ती दवाखान्यात होती, डॉक्टर काही सांगत नव्हते. काका फोन ठेवून थेट बेगमपेठेला निघाले. एकटे कसे जातील म्हणून मी बरोबर गेलो.

विमान उडालं आणि मी डोळे मिटून घेतले. मध्येच ते असं खाली गेलं की मी पुढच्या खुर्चीची पाठ पकडली. काका मात्र मांडीवर हात ठेवून शांत बसले होते. खाली औरंगाबादच्या टेकड्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"उतरायलाच हवं का रे?" ते म्हणाले.

कुसुम वाचली. मूल गेलं. काका तीन आठवडे तिच्या खाटेशी बसून होते. रोज तिचे केस विंचरून देत. परत येताना आम्ही आगगाडीनं आलो. परभणी मागे पडल्यावर मी त्यांना विचारलं, विमानात तुम्हाला भीती कशी वाटली नाही?

ते म्हणाले, "वर होतो तोवर कुणी काही सांगणार नव्हतं. तोवर कुसुम आणि बाळ दोघंही होती."

काकांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. हल्ली विमान हे अंतर तासाभरात कापतं म्हणतात. लोकांना त्याचं कौतुक वाटतं. मला मात्र तो वेळ फार थोडा वाटतो.