म्हातारीची मोहीम

सासूला घरातून पळवून नेल्याचा आरोप माझ्यावर आहे, आणि तो खरा आहे.

मुलगी नागपूरला इंजिनियरिंगला गेली आणि तिचा कॉम्प्युटर बालाघाटला आमच्या गळ्यात पडला. आमचे हे वनखात्याच्या लाकूड डेपोत बाबू. निवृत्तीला चार वर्षं उरलेली असताना एकाएकी म्हणाले, "टायपिंग शिकतो." शिकवायला कोण, तर शेजारचे बोरकर भाऊजी, मलाजखंडच्या खाणीतून निवृत्त झालेले. (भाऊजींना टीव्हीसुद्धा बायको लावून देते.) रोज संध्याकाळी दोघे आत आणि दार बंद.

आठ दिवसांत टायपिंगची टकटक काही ऐकू आली नाही, म्हणून मी दाराला कान लावला. हातात झाडू होता, त्यामुळे ते काम करणंच झालं.

"आधी लाकूड तोडून घ्या, मंग सोनं," भाऊजी सांगत होते.

"दोन पहारेकरी हायेत ना."

"त्याइले मागून गाठा."

माझ्या हातातला झाडू थांबला. या माणसाने डेपोतली एक ढलपी कधी घरी आणली नव्हती. (मला बंबासाठी हवी होती, तरी.) तो आता थेट जंगलच तोडायला निघाला होता!

दुसऱ्या दिवशी तर कहर झाला.

"आज मारामारी नाही, भाऊ," भाऊजी म्हणाले. "आजचं काम वेगळं हाय. म्हातारीले गुपचूप गावाबाहेर काढायचं, पुलापलीकडं सोडायचं, बस."

"लय हळू चालते ना म्हातारी."

"म्हणून तर कठीण. वाटेत मेली तर आपण संपलो."

"सोपं घेऊ का मंग?" हे म्हणाले.

"सोप्यात काय मजा?"

आमच्या घरात म्हातारी एकच. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. लामत्याची शेती तिच्या नावावर, ती विकायला सही देत नाही, यावरून मायलेकांचं महिनाभर धड बोलणं नव्हतं. मला सगळं कळलं. पोलिसात जावं तर यांची नोकरी जाणार. न जावं तर सासू जाणार. मी ठरवलं, यांनी हलवण्याआधी आपणच तिला हलवायचं.

दुसऱ्या दिवशी हे डेपोत गेले आणि मी ओसरीवर आले.

"आई, उठा. वारासिवनीला ताईंकडे जायचंय."

"आत्ता? थांब, पोरगा आला की त्याले सांगून निघतो."

"त्यांना सांगायचं नाही."

"काहून?"

"वाटेत सांगते."

सासूबाईंनी माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. "तू मले काढून देऊन राह्यली का वं?"

समोर भाऊजी खुर्ची टाकून बसलेले, म्हणून मागच्या दाराने काढलं. चपला पुढच्या दारी राहिल्या. तिला तशीच अनवाणी रिक्षात आणि मग बसमध्ये कोंबलं, नणंदेच्या स्वाधीन केलं आणि चारच्या आत परत आले. वाटेत मी काही सांगितलं नाही. आपलाच मुलगा आपल्या जिवावर उठलाय, हे कोणत्या आईला बसमध्ये सांगावं?

संध्याकाळी दोघे आत जायला निघाले तशी मी दारात उभी राहिले.

"म्हातारी मिळायची नाही तुम्हाला. सुरक्षित जागी आहे."

"कोणती म्हातारी?" हे म्हणाले.

"तुमची आई! पुलापलीकडे सोडणार होतात ना?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग भाऊजींनी निमूटपणे कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर झाडं, सोन्याची खाण, भालेवाले शिपाई आणि एका झोपडीपुढे पांढऱ्या कपड्यातली बोटभर म्हातारी. ती म्हणे वैदू. लढाईचा गेम होता. दर मोहिमेला काम वेगळं: कधी लाकूड आणि सोनं जमवा, कधी किल्ला पाडा, कधी म्हातारी पोचवा.

"पोरीनं भरून ठेवला होता," हे मान खाली घालून म्हणाले. "या वयात गेम खेळतो म्हणून कसं सांगू? काल अकरा खेपा झाल्या, म्हातारी पुलाशीच मरते."

"वहिनी," भाऊजींनी अदबीने विचारलं, "तुमी एका खेपेत कशी काढली?"

तेवढ्यात नणंदेचा फोन. सुनेने अनवाणी घराबाहेर काढलं, हे सासूबाईंचं वारासिवनीच्या अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. आता सही देईन तर मुलीलाच, म्हणत होत्या.

त्यांना परत आणायला मी आतापर्यंत चार वेळा जाऊन आले. पुलापलीकडे पोचवणं ही सोपी पातळी होती, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.