उस्तादांच्या डोळ्यातलं लोखंड

लेथच्या कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. चालत्या पट्ट्यात बाही अडकली आणि त्यांचा उजवा हात खांद्यापासून ओढला गेला. जखम भरली, पण खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसा तुटल्या त्या तुटल्याच. हात लाकडासारखा लोंबायचा आणि आतून निखाऱ्यावर धरल्यासारखा पोळायचा. "मेलेला हात दुखतो कसा हो?" शेजारी विचारायचे. उस्ताद म्हणायचे, "मेल्यावरच तर जाळतात!"

गोळ्यांनी डोकं सुन्न व्हायचं, हात नाही. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नवा उपाय सुचवला. मेंदूच्या डाव्या भागातून उजवा हात हलतो; तिथे डोक्यावर चुंबकाची तबकडी धरायची, तिचे ठोके कवटीतून आत पोचतात. कापाकापी नाही. "सगळ्यांनाच गुण येत नाही," त्या म्हणाल्या, "पण काहींना बराच उतार पडतो."

यंत्र चालवणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, डोक्यात, डोळ्यात कुठे धातू?"

"नाही गं पोरी. सोन्याचा दातसुद्धा नाही."

ते खोटं बोलले नाहीत. गिरणीवाल्याच्या अंगावर पीठ, तसा लेथवाल्याच्या डोळ्यात लोखंडाचा कीस. त्याला कोण धातू म्हणतो?

ठोके सुरू झाले. सुतारपक्षी डोक्यावर बसल्यासारखी टकटक. दुसऱ्या आठवड्यात उस्ताद जेवता जेवता थांबले.

"अगं, विसरलो की!"

"काय?" बायको म्हणाली.

"हात."

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. देव पावला, एवढंच ती पुटपुटली.

दुखणं हटलं तशी उस्तादांची जीभ सुटली. पुढच्या खेपेला खुर्चीत बसताना मुलीला म्हणाले, "तुमचं चुंबक टोपीएवढं. आमचं खडूएवढं, पण कामाला भारी! डोळ्यात कीस उडाला की साथीदाराने पापणी उलटायची आणि चुंबक फिरवायचं. माझ्या डोळ्यातून किती निघाला, गणती नाही."

मुलीचा हात बटणावरच थांबला. "काका, सगळा निघाला?"

"आता ते मी आत शिरून बघू?"

डोळ्यांचा एक्स-रे फोटो काढला. डाव्या डोळ्यात, अगदी मागे, मोहरीहून बारीक पांढरा ठिपका. उपचार त्याच दिवशी बंद झाले. हातातोंडाशी आलेला घास गेला.

"चुंबकाने तो कण हलला असता तर डोळा गेला असता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नशीब समजा."

"काढा मग तो."

"खोल रुतलाय. काढायला गेलो तरी डोळा जाईल."

"मग डोळाच काढा," उस्ताद शांतपणे म्हणाले. "दुसरा आहे की."

"अहो! जिभेला काही हाड?" बायको ओरडली.

"तू शेजारी बसतेस. आगीच्या आत मी असतो."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. धडधाकट डोळा असा काढत नाहीत.

आग हळूहळू परत आली. आधी बोटांत, मग कोपरापर्यंत. एका दुपारी उस्ताद कुशीवर पडले होते. बायको भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, ओठ हलत होते.

"काय मागतेस?"

"तुमचे दोन्ही डोळे शाबूत राहू देत."

"असं होय," उस्ताद म्हणाले. "म्हणजे आपण दोघं देवाकडे उलटंच मागतोय."

तिचे ओठ थांबले. मग पुन्हा हलू लागले.