मेंढरू न पाहिलेला अर्थतज्ज्ञ बालाघाटात

बीड जिल्ह्यात हौसेनं फिरायला गेलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. मीही हौसेनं गेलो नव्हतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्यात एम.ए. करत होतो. मुख्य विषय आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र, आणि जोडीला शाश्वत विकास नावाचा नवाकोरा ऐच्छिक पेपर. तो मी घेतला, कारण त्याचा तास ज्या खोलीत व्हायचा तिथला पंखा चालू होता. देश नुकताच खुला झाला होता, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ निघाले होते, आणि आम्ही कँटीनमध्ये एक चहा दोघांत घेऊन देशाचं आयात शुल्क ठरवत बसायचो.

प्रबंधाचा विषय मी लायब्ररीत निवडला आणि निष्कर्षही तिथंच लिहून टाकला. परदेशी लोकर स्वस्तात येऊ लागल्यामुळे इथली जाडीभरडी लोकर कोणी घेत नाही, तेव्हा मेंढपाळांनी मेंढ्या विकाव्यात आणि दुसरं काहीतरी करावं. शिवाय मेंढ्या डोंगर बोडके करतात, म्हणजे पर्यावरणाचाही प्रश्न सुटला. एका दगडात दोन पक्षी. आमच्या मार्गदर्शक बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तू मेंढी जवळून पाहिली आहेस का रे?"

मी म्हणालो, "तशी नाही, पण संदर्भ भरपूर आहेत."

"मग आधी मेंढी बघून ये. आणि येताना तीस प्रश्नावल्या भरून आण."

एका मित्राच्या वडिलांच्या ओळखीचे किराणा दुकानदार लिंबागणेशच्या पुढे एका गावात राहत होते. त्यांना पत्र गेलं, उत्तर आलं, आणि जानेवारीतल्या एका सकाळी मी शिवाजीनगरच्या स्टँडवर उभा राहिलो. गावाचं नाव देत नाही. का देत नाही ते वाचता वाचता कळेल.

जाणाऱ्यांसाठी: नगर, जामखेड, पाटोदा करत बीडकडे जाणारी गाडी धरायची. हिवाळ्यातही खिडकी डावीकडची घ्या, उजवीकडे दिवसभर ऊन बसतं. मी अर्थातच उजवीकडे बसलो होतो. आता रस्ता चांगला झालाय, स्वतःच्या गाडीनं दुपारच्या जेवणापर्यंत पोचाल. तेव्हा मला दिवस मावळायला आला होता. जामखेडच्या पुढं डोंगर सुरू होतात, हेच बालाघाट. उसाच्या तोडीला माणसं गेल्यानं वाटेवरच्या कितीतरी घरांना कुलपं होती. मी वहीत लिहिलं, "हंगामी स्थलांतर", त्याखाली दोन रेघा मारल्या आणि झोपलो.

लिंबागणेशला उतरलात तर गणपतीचं देऊळ सकाळी लवकर बघा, दगड गार असतो आणि गर्दी नसते. तिथून पुढच्या गावाला मी जीपच्या मागच्या फळीवर बसून गेलो. दुकानदार शिवलिंगअप्पा दारातच उभे होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोक्याला टोपी, आणि मला बघताच पहिलं वाक्य, "या सर, या." मला आयुष्यात पहिल्यांदा कोणी सर म्हटलं होतं. पुढं जे काही घडलं त्याची सुरुवात माझ्या मते इथूनच झाली.

त्या संध्याकाळी येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी, बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. बीडकडे गेलात आणि येसराची आमटी न खाता परत आलात तर जायची तसदी कशाला घेतली, असं मी म्हणेन. माझ्या पोटात दोन भाकऱ्या गेल्या आणि मग अंगात सिद्धान्त आला. मी अप्पांना समजावलं की जे सगळ्यांचं असतं ते कुणाचंच नसतं, म्हणून जो तो ओरबाडतो, आणि तुमचा डोंगर असाच उघडा पडला आहे.

अप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. ते गावाच्या पाणलोट समितीचे अध्यक्ष होते, हे मला माहीत नव्हतं. "सर, हेच मी गावाला दोन वर्सं सांगतोय. पाझर तलाव गाळानं भरत चाललाय. डोंगरावर गवत राहिलं तर माती थांबल. पण मी बोललो की म्हणत्यात, मीठमिरची इकणाऱ्याला काय कळतंय. तुमी बोला. सव्वीस जानेवारीला झेंडा झाला की ग्रामसभा हाय, चराईबंदीचा ठराव त्याच दिवशी ठिवलाय."

"बोलतो की," मी म्हणालो. विचार करायला मी जेवढा वेळ घेतला तेवढ्यात त्यांचा तांब्या पुन्हा उचलूनही झाला नव्हता.

ठराव झाला असता तर पाच वर्षं डोंगर सगळ्या जनावरांना बंद होणार होता. गावात बाकीच्यांची एखाददुसरी शेळी. मोठा कळप एकाच घरचा, बिरूमामा आणि गयाबाई या नवरा-बायकोचा. प्रश्नावल्या शेतकऱ्यांकडूनही भरायच्या होत्या, पण मेंढ्यांसाठी मी पुढचे चार दिवस त्यांच्याच मागं हिंडणार होतो.

गयाबाई पन्नाशीच्या, काटक, बोलायला मोकळ्या. बिरूमामा माणसांत आले की गप्प. पहिल्याच सकाळी मी क्लिपबोर्ड काढला.

"मावशी, मेंढ्या किती तुमच्याकडं?"

"हायत की."

"म्हणजे किती?"

"देवानं दिल्या तेवढ्या."

"फॉर्मवर आकडा लागतो हो."

"मोजली की कमी होत्यात, भाऊ. आमी न्हाई मोजत. इतक्या वर्सांत कुनी मोजली न्हाईत."

माझ्या प्रबंधाचा अख्खा तिसरा भाग एकरी किती मेंढ्या या आकड्यावर उभा होता. मग मी बांधावर बसून स्वतःच मोजायला लागलो. पहिल्यांदा चौऱ्याऐंशी भरल्या, दुसऱ्यांदा एक्याण्णव. तिसऱ्यांदा निम्म्यात आलो असताना एका मेंढ्यानं मागून येऊन प्रश्नावली क्रमांक सात खाल्ली. गयाबाई हसून हसून खाली बसल्या. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या वाघरात शिरताना त्या तोंडाशी नुसत्या उभ्या राहिल्या आणि मामांना म्हणाल्या, "बांड्या कानाची मागं राह्यली." मामा गेले आणि बांड्या कानाची घेऊन आले. मी पदवीधर होतो.

लोकरीचं माझं म्हणणं मात्र खरं निघालं. कातरलेली लोकर बाभळीखाली तशीच पडली होती. "घोंगडीवाला पयले दारात यायचा," त्या म्हणाल्या, "आता कातरायचीच मजुरी आमाला द्यावी लागती." मला आनंद झाला. माणसाचं नुकसान ऐकून एवढा आनंद फक्त संशोधकालाच होत असावा. पण मग लोकर विकली जात नाही तर मेंढ्या ठेवता कशाला, या प्रश्नावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच वहीत बघायला लागलो.

उत्तर पायाखालीच होतं. कळपाचा तळ त्या आठवड्यात अप्पांच्या शेतात पडला होता. आज याच्या, उद्या त्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत मिळतं, आणि त्याबद्दल शेतकरी ज्वारी देतात. गावातली निम्मी शेतं याच खतावर चालली होती आणि माझ्या एकाही संदर्भात ते नव्हतं. अप्पांनी तर आपली पाळी दसऱ्यालाच सांगून ठेवली होती. मी त्यांना विचारलं, "अप्पा, डोंगर बंद झाला तर ही मेंढरं दिवसा चरणार कुठं?"

"बगतील कुटंतरी," अप्पा म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. तलाव त्यांना दिसत होता, एवढंच.

चौथ्या दिवशी गयाबाईंनी शेळीच्या दुधाचा चहा पुढं केला आणि म्हणाल्या, "तुमी सभंत बोलणार हाय म्हणं."

"हो."

"मग आमचं एवढं सांगा. डोंगर बंद करा, आमालाबी गवत लागतंयच की. पर निम्मा करा. यंदा वरला, दोन वर्सांनी खालला. आन तळ्याच्या पान्याला जायची वाट तेवढी सोडा. मी उटले तर म्हणत्याल, मेंढरंवाली हाय, आपलंच बोलणार. तुमचं ऐकत्याल."

इतकी सरळ, इतकी शहाणी योजना मला पुस्तकांच्या दोन वर्षांत सापडली नव्हती. मी म्हणालो, "नक्की सांगतो, मावशी." खरोखर सांगायचंच होतं. त्या दुपारी मी भाषण लिहून काढलं, बरोबर दोन पानं. पहिल्या पानावर मोकळ्या चराईनं डोंगराचं आणि तलावाचं होणारं नुकसान. दुसरं पान "पण" या शब्दानं सुरू होत होतं, आणि त्यावर गयाबाईंची योजना होती.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं. मी चार दिवस जपून ठेवलेला इस्त्रीचा शर्ट घातला होता. पुढं शाळेची मुलं, मध्ये पुरुष, शाळेच्या भिंतीशी बायका. जिलेबीची टोपली टेबलाखाली झाकून ठेवलेली. अप्पांनी माझी ओळख "अर्थशास्त्राचे मोठे अभ्यासक" अशी करून दिली आणि ती मी खोडून काढली नाही. मी बोललो. आवाज माझा मलाच बरा वाटला. पहिल्या पानाच्या तळाशी वाक्य होतं, "हा डोंगर वाचला, तरच हे गाव वाचेल." ते म्हणालो आणि पान उलटायला थांबलो.

टाळ्या सुरू झाल्या. आधी मुलांच्या, मग मोठ्यांच्या, अप्पा तर उभे राहिले. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीसही कधी मिळालं नव्हतं. टाळ्या थांबेनात. पुढचं पान हातात होतं, त्यावरचा "पण" दिसत होता, आणि मला वाटलं, आता एवढं छान झालंय. नंतर बोलू. मी खाली बसलो.

नंतर काही नसतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अप्पांनी माझ्याकडून पहिलं पान मागून घेतलं, लगेच ठराव वाचला, हात वर झाले, पाच वर्षं पूर्ण बंदी. मी उठायचं म्हणेपर्यंत जिलेबी वाटायला घेतली होती. मला दोन वेढे जास्त मिळाले. खाता खाता शाळेचे गुरुजी सहज म्हणाले, "पोरांनी छान साथ दिली. त्यांना सांगूनच ठेवलं होतं, पाहुणे थांबले की टाळ्या वाजवायच्या."

मला लाज वाटली. असं सांगताना माणूस सहसा पुढं काहीतरी जोडतो, मी जोडत नाही.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी मी तळावर गेलो. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण गयाबाईच आधी बोलल्या. "ऐकलं की सगळं. कर्णा लावलता. खरंच बोलला तुमी. निम्मं." मग त्यांनी विचारलं, आणि त्यात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, "कावून बसला वो खाली?"

मी म्हणालो, "टाळ्या वाजल्या."

बिरूमामा एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं. गयाबाईंनी फडक्यात तीन भाकऱ्या आणि ठेचा बांधून दिला, गाडीत भूक लागेल म्हणून. मी मनाशी ठरवलं की हे अन्न आपल्या घशाखाली उतरणार नाही. पाटोद्यालाच ते उतरायला लागलं आणि जामखेडच्या आत फडकं रिकामं झालं होतं. ठेचा फार चांगला होता.

पुण्यात आल्यावर मी प्रबंधाचा निष्कर्ष फाडला आणि दुसऱ्या पानाचं अख्खं चौथं प्रकरण केलं. बाईंना ते आवडलं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी "तळागाळातलं ज्ञान" म्हणून माझं कौतुक केलं, मला प्रथम वर्ग मिळाला. प्रश्नावल्या एकोणतीसच भरल्या, सातवी कुठं गेली ते तळटिपेत दिलं आहे.

तुम्ही गेलात तर सप्टेंबरात जा. तो डोंगर आता हिरवा असतो, कमरेएवढं गवत, खाली तलावात पाणी, फोटो फार सुंदर येतात. पहिलं पान खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्या फोटोंकडं फार वेळ बघवत नाही.

ठरावाला सहा महिने झाले तेव्हा मी दुसऱ्या पानाची सुवाच्य नक्कल काढून अप्पांना पाठवली होती. सोबत पत्र जोडलं, की हे माझ्याकडून राहून गेलं, पुढच्या सभेत कृपया वाचून दाखवावं. उत्तर दिवाळीच्या सुमारास आलं. गवत उत्तम आहे. तलावाला पाणी आहे. बिरूचं बिऱ्हाड पावसाळ्याआधीच मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलं, परत आलं नाही. यंदा ज्वारी जरा बारीक दिसते, कारण कळत नाही. आणि शेवटी लिहिलं होतं:

"आपल्या भाषणाचा शेजारच्या तीन गावांत फार उपयोग झाला, तिथेही ठराव झाले. आपणास प्रवासाचा त्रास नको म्हणून मीच बोललो. पहिलं पान मला तोंडपाठ आहे. दुसरं पान मिळालं. अक्षर सुंदर आहे."