वन्सं आणि उघडा हौद

आमच्या थोरल्या वन्संइतकी रागीट बाई अख्ख्या मुरूम गावात सापडायची नाही, असं मी म्हटलं तर त्या त्यावरही चिडतील. त्यात शेजारचे उमरगा आणि लोहारा का धरले नाहीत म्हणून! इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त होऊन त्या आमच्याकडे राहायला आल्या. पाणी शुद्ध करताना त्यात मिसळलेली रसायनं हवेत किती उडून जातात, याचंच गणित त्या आयुष्यभर संगणकावर मांडत आल्या. त्यामुळं उघडी बाटली दिसली की त्यांचं डोकं फिरतं. नेलपॉलिश लावत बसलेल्या माझ्या भाचीला त्यांनी भर थंडीत गच्चीवर पिटाळलं. एका लग्नात अत्तर लावायला आलेल्या व्याह्यांना, "आधी खिडक्या उघडा!" म्हणून दरडावलं.

पण खरा भडका उडाला तो गावाबाहेरच्या कारखान्यावरून. तिथं रसायनांची रिकामी पिंपं धुतात. ते पाणी उघड्या हौदात घेऊन त्यात यंत्रानं हवेचे बुडबुडे सोडतात, की पाणी स्वच्छ! मालकाला त्यासाठी शाल-श्रीफळही मिळालं. आणि शेजारच्या वस्तीत आमच्या दूधवालीची, कांताची लेक रोज संध्याकाळी ओकत होती.

"अक्का, लई वास येतोय वो," कांता वन्संना म्हणाली. "मालक म्हंतो, वासबीस काय न्हाय."

वन्संनी हौदाचं माप, पाण्याची ऊब, वाऱ्याचा जोर, सगळं गणितात घातलं. उत्तर ऐकून माझंही रक्त उसळलं. पाण्यातलं विष नाहीसं होतच नव्हतं. बुडबुड्यांबरोबर ते नुसतं हवेत जात होतं. दुपारी वारा त्याला पांगवायचा. सांजेला वारा पडला की ते वस्तीतच बसून राहायचं.

आम्ही दोघी मालकाकडे गेलो. त्यानं हौदातून निघालेलं पाणी ग्लासभर पिऊन दाखवलं.

वन्सं कडाडल्या, "पाणी काय पिता? हवा प्या! आज दिवेलागणीला कांताच्या अंगणात या. नाही आलात, तर उद्यापासून तुमच्या फाटकात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला हे गणित शिकवते!"

मालक आला. कांतानं खाट टाकली, चहा दिला. वारा पडला. कप निम्मा व्हायच्या आत त्यानं नाकाला रुमाल लावला.

"काढा तो," वन्सं म्हणाल्या. "या लेकराला कुठंय रुमाल?"

त्यानं रुमाल खिशात घातला. पुढं हौदाला झाकण बसलं आणि आतली हवा कोळशाच्या गाळणीतून जायला लागली.

कांतानं मग आम्हाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर पोरगी वन्संच्या मांडीवरच झोपली. तिच्या केसांतून हात फिरवत वन्सं हळूच म्हणाल्या, "पाण्यातून किती गेलं, एवढंच मोजत आले गं मी. कुणाच्या घरात पोचलं, ते कधी पाहिलंच नाही."

पहिल्यांदाच त्यांचा राग स्वतःवर होता.