कमिशन आणि करंगळी

माझ्याच गावच्या, मलकापूरच्या स्टेशनावर मी गणवेशात उतरलो तेव्हा माझी अशी कल्पना होती की सगळं गाव माझ्याकडे बघतंय. प्रत्यक्षात बघत होता एकच माणूस, आमचा मेजर, आणि तोही चुकीच्या वेळी.

चीनच्या लढाईनंतर तातडीच्या भरतीत जे पोरगे घाईघाईने अधिकारी झाले, त्यातला मी एक. आता आमच्यापैकी कुणाला कायम ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं, हे ठरायचं होतं, आणि ते मेजरच्या गुप्त अहवालावर अवलंबून होतं. तीच तलवार आमच्या डॉक्टर कॅप्टनच्याही डोक्यावर होती; तो लढाईच्या आधीपासूनचा, पण मुदतीच्या नोकरीवर. तो कोकणातला, तिशीचा, कमी बोलणारा. मेजर पुण्याचा. माझ्या तोंडून चुकून 'मले' निघालं की डोळे मिटून घ्यायचा, जणू कुणी पाटीवर खिळा ओढलाय. जवान भरतीच्या कामावर आम्ही तिघं आलो होतो, आणि इथली बोली समजते या एकाच गुणावर माझी वर्णी लागली होती.

तर स्टेशनावर माझा बालमित्र आला होता. बापाचं अडत दुकान, त्यामुळे अंगावर कायम कापसाचे तंतू. त्याने मला मिठी मारली, खांद्यावरच्या नव्या कोऱ्या पट्ट्यांना कापूस फासला आणि माझ्या करंगळीत करंगळी अडकवून चालू लागला. आमच्याकडे दोस्त असेच चालतात. शाळेत, बाजारात, जत्रेत, कुणाच्या मयतीलाही. मीही चाललो. दहा पावलं गेल्यावर मागून आवाज आला.

"लेफ्टनंट, हा तुमचा मंगलाष्टकांनंतरचा कार्यक्रम आहे का?"

मी हात असा झटकला की मित्राच्या हातातली पिशवी खाली पडली.

"काऊन बे?" तो म्हणाला. "हातात काटे उगवले का माह्या?"

"ड्युटीवर आहे," मी म्हणालो. शुद्ध भाषेत. त्याला ते हात झटकण्यापेक्षा जास्त लागलं असावं.

त्यानंतर दोन दिवस मी काखेत छडी आणि दोन्ही हात मागे बांधून फिरलो. मर्दानी दिसावं म्हणून मिशीला पीळ द्यायचो. मिशी इतकी विरळ होती की पीळ देताना केसच सापडायचे नाहीत. मित्र दुकानाच्या ओट्यावरून बघायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा, "पाहा, आमचा दोस्त. पाठीत बांबू घालून आनला त्याले."

भरती एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात होती. जिल्ह्यातल्याच उंद्रीहून दोन जवान पोरं आली होती. हातात हात घेऊन रांगेत उभी. मी जवळ जाऊन पुटपुटलो, "सोडा रे हात." ती माझ्याकडे बघत राहिली. त्यांना वाटलं, हात सोडणं हीसुद्धा काही परीक्षा आहे. कॅप्टन छाती मोजत होता. एकाची भरली, दुसऱ्याची अर्धा इंच कमी पडली.

"ट्रेनिंगमध्ये भरून निघेल, सर," कॅप्टन म्हणाला.

"नियम नियम आहे," मेजर म्हणाला.

झालं. निवडलेला पोरगा नाकारलेल्याच्या गळ्यात पडला आणि मोठ्याने रडू लागला. "मी बी नाही जात! हा नाही त मी बी नाही!" दुसरा त्याची पाठ थोपटून त्यालाच समजावत होता, "जाय ना बे, जाय तू."

"दोघांनाही हाकला," मेजर म्हणाला. "मला सैनिक पाहिजेत, विधवा नकोत."

कॅप्टनने मोजपट्टी हाताभोवती गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते पुसतही नव्हता. मेजर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "कॅप्टन, तुमच्याही घरचं कुणी गेलंय का?"

इथे मला अक्कल पाजळायची हुक्की आली. मी पुढे होऊन म्हणालो, "सर, डोळ्यांत धूळ गेली असेल."

"धूळ? सकाळीच तुम्ही इथे पाणी मारून घेतलंत ना? माझ्या बुटाला अजून चिखल आहे."

मला कॅप्टनला वाचवायचं होतं. परिणाम असा झाला की आता मेजरच्या लेखी आम्ही दोघं मिळून काहीतरी लपवत होतो.

त्या संध्याकाळी डाक बंगल्याच्या व्हरांड्यात जेवताना मेजर खुशीत होता. त्याने त्याच्या जुन्या पलटणीतली गोष्ट सांगितली. एक अधिकारी 'तसला' निघाला. बायकांऐवजी पुरुषांत जीव असलेला. लष्करी कायद्यात त्याला कलम आहेच, पण पलटणीची अब्रू चव्हाट्यावर कोण आणणार? त्याला पिस्तूल आणि एक गोळी देऊन खोलीत सोडला. "सभ्य रीत," मेजर म्हणाला आणि हसला.

मीही हसलो. मेजरपेक्षा मोठ्याने हसलो, इतका की रम नाकात गेली आणि ती शिंकेबरोबर मेजरच्या ताटात उतरली. अहवालाच्या भीतीने हसणारा माणूस एवढंच करू शकतो.

कॅप्टन हसला नाही. "गोळी कुणी नेऊन दिली, सर?"

"का?"

"सहज. देणारा नंतर जेवला का, ते विचारायचं होतं."

मेजरने ताट बाजूला सारलं. "कॅप्टन, तुम्ही लग्न का केलं नाहीत?"

हा प्रश्न मेसमध्ये प्रत्येकाला विचारला जायचा आणि प्रत्येकाकडे एक तयार थाप असायची: आई मुलगी बघतेय, पत्रिका जुळत नाही. कॅप्टनकडेही असणारच. त्या दिवशी त्याने ती काढली नाही.

"ज्याच्याबरोबर जन्म काढायचा होता, तो नेफाच्या आघाडीवरून जिवंत परत आला नाही, सर. आम्ही एकाच बराकीत होतो. त्याच्या शवपेटीला मी सलामी दिली. रडायची परवानगी नव्हती. आज ती दोन पोरं बघितली, एवढंच."

मेजर उठला. आवाज मुद्दाम शांत. "हे मी ऐकलं नाही. ऐकलं तर पलटणीचं नाव जाईल. पण भर भरतीत, जवानांच्या देखत तुम्ही रडलात, ते मी पाहिलं. तेवढं अहवालाला पुरतं. उद्याच्या गाडीने तुम्ही परत जाल. लेफ्टनंट साक्षीला आहेतच."

"येस सर," मी म्हणालो. माझ्या आयुष्यात इतक्या चटकन मी दुसरं कुठलंच उत्तर दिलेलं नाही.

सकाळी मी मित्राच्या दुकानी गेलो. "आमच्या एका साहेबाले काढून टाकून राह्यले," मी म्हणालो. बोली आपोआप परत आली होती.

"काऊन?"

"रडला म्हनून."

"रडला म्हनून? मंग मले त फाशीच द्याले पाह्यजे."

मग मी आडवळणाने, घसा खाकरत दुसरंही सांगितलं. मित्राने मान खाजवली. त्याला ते पटलं नव्हतं, तोंडावर दिसत होतं. बराच वेळ तराजूचं पारडं हलवत बसला.

"असन बा. मले नाही समजत ते," तो म्हणाला. "पन त्याचं मानूस मेलं ना? मंग त्याले भेटाले कोन गेल्तं?"

"कोनीच नाही."

"तुमी लोकं सैनिक आहा का कसाई बे?" म्हणाला आणि पायात वहाणा सरकवल्या.

फलाटावर मेजर छडी घेऊन उभा होता, गाडीत बसल्याची खात्री करायला. माझा मित्र सरळ कॅप्टनजवळ गेला. म्हणाला, "साहेब, उशीर झाला भेटाले. मले आजच समजलं." आणि त्याचा हात हातात घेतला. कॅप्टन आधी लाकडासारखा ताठ झाला. मग त्याची बोटं मिटली. मेजरच्या अगदी पुढून ते दोघं चालत गेले, गार्डाच्या डब्यापर्यंत आणि परत. कॅप्टन रडत होता आणि मित्र त्याला थांबवत नव्हता.

मी मागून चाललो होतो. एका हातात कॅप्टनची ट्रंक, दुसऱ्यात वळकटी. हमालाला मी आधीच हाकलून दिलं होतं. दोन्ही हात भरलेले असले की कुणाचा धरावा लागत नाही.

गाडी सुटली. मित्राने माझ्या रिकाम्या झालेल्या हातांकडे पाहिलं आणि मी घाईघाईने काखेतली छडी त्यांत धरली. त्याने टाच आपटली, कडक सॅल्यूट ठोकला आणि निघून गेला.

मेजरने शब्द पाळला. कॅप्टन गेला, मी कायम झालो, बढत्या घेतल्या, निवृत्त होऊन मलकापुरात परत आलो. मित्र भेटतो. भर बाजारात मला सॅल्यूट ठोकतो. गेल्या पोळ्याला मी मुद्दाम करंगळी पुढे केली. त्याने ती बघितली, दोन पावलं मागे सरकला आणि ओट्यावरच्या लोकांना ओरडून म्हणाला, "सरका रे! साहेबाले हात नका लावू. डाग पडते."